टाकी कळकते तेव्हा

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली असेल तर त्यात ताकाची कढी करायची नाही, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नसे. केली तर कढी कळकते. रंग हिरवट होतो, जिभेवर धातूची चव रेंगाळते, एखाद्याला मळमळूनही येतं. ताकातल्या आम्लामुळे पितळेतलं तांबं आणि जस्त विरघळून अन्नात उतरतं. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर, तो मध्ये असला की हे होत नाही. कळकलेली कढी ओतून टाकता येते आणि पातेलं कल्हईवाल्याकडे देता येतं.

गेल्या पावसाळ्यात माझी ३०० लिटरची रीफ टाकी कळकली. त्या प्रकाराला मला याहून नेमका शब्द सापडत नाही. पण टाकी काही ओतून टाकता येत नाही, आणि कल्हई उडालेलं भांडं नेमकं कुठलं हेच मला बरेच आठवडे कळत नव्हतं.

ज्यांनी हा छंद जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रीफ टाकी म्हणजे काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्यावर जगवलेलं प्रवाळांचं छोटं वसतिस्थान. पाणी समुद्रातून आणायचं नसतं. शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात खास मीठ मिसळून त्याची क्षारता हजारी ३५ वर आणायची, म्हणजे एका किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. त्यात सच्छिद्र खडक, वाळू, काही मासे, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, शंखातले खेकडे, क्लीनर श्रिंप ही छोटी कोळंबी आणि प्रवाळ असतात. (आपल्या किनाऱ्यावरच्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातून तुकडा तोडून आणणं हा गुन्हा आहे आणि तो कुणीही करू नये. माझ्या टाकीतले प्रवाळ परदेशातल्या शेतीत वाढवलेले, कागदपत्रांसह आलेले आहेत.)

जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी दोन गोगलगायी वाळूवर उताण्या पडलेल्या दिसल्या. सरळ करून काचेला चिकटवल्या तर तासाभरात पुन्हा गळून पडल्या. पुढच्या आठवड्यात क्लीनर श्रिंप कात टाकताना अर्ध्यातच मेली. झोअँथिड या फुलांसारख्या उघडमीट करणाऱ्या प्रवाळसदृश जीवांच्या वसाहती दिवसभर मिटलेल्या राहू लागल्या आणि एका अ‍ॅक्रोपोराचं (फांद्या फुटणाऱ्या कठीण प्रवाळाचं) कातडं बुडापासून पांढरं सुटायला लागलं. मासे मात्र नेहमीसारखे, हातातलं खाणं बघून वर येणारे.

आज मागे वळून पाहताना वाटतं, पहिली खूण हीच होती. पाण्यात अमोनिया वाढला किंवा प्राणवायू कमी पडला तर मासे आधी धापा टाकतात. मासे ठणठणीत, पण कणा नसलेले सगळे प्राणी एकामागून एक आजारी, असं चित्र असेल तर धातूचा संशय घ्यायला हवा. तरी आधी साध्या गोष्टी तपासाव्यात. क्षारता, तापमान, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची क्षमता) यांतला एखादा आकडा झपाट्याने घसरला तरी गोगलगायी अशाच पडतात. माझ्याकडे हे सगळे आकडे जागेवर होते. तांब्याचं किट काढलं, थेंब टाकले, रंग आला नाही. शून्य. मग जे सगळे सांगतात तेच मी केलं. पाऊण टाकी ठेवून पाव टाकी पाणी बदललं. चार दिवसांनी पुन्हा बदललं. दर वेळी टाकी आणखी बिघडली.

त्या किटचं 'शून्य' म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ.

समुद्राच्या पाण्यात तांबं असतंच. मोकळ्या समुद्रात ते एका लिटरला साधारण ०.१ ते ०.३ मायक्रोग्रॅम असतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. उन्हाळ्यात गावांना पाणी पुरवणारे १०,००० लिटरचे टँकर डोळ्यांसमोर आणा. असे १०० टँकर ओळीने उभे केले आणि त्या सगळ्यांत मिळून १ ग्रॅम तांबं विरघळवलं, की लिटरला १ मायक्रोग्रॅम होतं. समुद्रात याच्याही पावपट. रंग बदलणारी साधी किटं साधारण ३० ते ५० मायक्रोग्रॅमच्या खाली काही दाखवू शकत नाहीत. म्हणजे तांबं समुद्राच्या शंभरपट झालं तरी किट शून्यच म्हणेल. ते किट बनवलंय ते औषध म्हणून मुद्दाम घातलेलं तांबं मोजायला, चोरपावलांनी आलेलं पकडायला नव्हे.

औषध म्हणून तांबं? हो. माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा आजार होतो, क्रिप्टोकॅरियन नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे. त्यावर आजही भरवशाचा उपाय म्हणजे पाण्यात लिटरला ०.१५ ते ०.२० मिलीग्रॅम मोकळं तांबं दोन-तीन आठवडे टिकवून धरणं. मासे ते सोसतात, परजीवी सोसत नाही. पण ०.२ मिलीग्रॅम म्हणजे २०० मायक्रोग्रॅम, समुद्राच्या जवळजवळ हजारपट. म्हणूनच हा उपचार वेगळ्या, रिकाम्या टाकीत करायचा असतो. तिथे खडक नको, वाळू नको, आणि तिथली जाळी किंवा बादली मुख्य टाकीकडे फिरकायलाही नको. मोरचूद हे याच तांब्याचं परिचयाचं रूप. द्राक्षांच्या बागांत आणि कोकणातल्या सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारतात, ते मोरचूद आणि चुन्याचं. एक ग्रॅम मोरचुदात सुमारे २५५ मिलीग्रॅम तांबं असतं. तेवढं एक ग्रॅम मोरचूद माझ्या ३०० लिटरच्या टाकीत पडलं तर लिटरला ०.८५ मिलीग्रॅम होईल, औषधी मात्रेच्या चौपटीहून जास्त.

मासे सोसतात आणि गोगलगाय का सोसत नाही? गंमत अशी की कोळंबी-खेकडे आणि पुष्कळ गोगलगायी यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचं कामच तांबं करतं. आपल्या रक्तात लोह आहे, त्यांच्या रक्तात तांबं. त्यांना ते हवंच असतं, पण मोजून. जास्तीचं मोकळं तांबं कल्ल्यांतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, शरीरातल्या सोडियम-पोटॅशियमचा तोल राखणारे पंप बंद पाडतं, पेशींना जाळणारे प्राणवायूचे उपद्रवी रेणू तयार करतं. माशाला खवले आहेत, श्लेष्मा आहे, तांबं साठवून बाहेर टाकणारं यकृत आहे. गोगलगायीचा सगळा ओला पायच पाण्याशी लागलेला. प्रवाळाचं तर अख्खं शरीर म्हणजे पाण्याला भिडलेली पातळ त्वचा, आणि त्या त्वचेच्या आत राहणारं शेवाळ प्रकाशातून त्याचं बहुतेक अन्न बनवून देतं. तांबं त्या शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणातही अडथळा आणतं. प्रवाळांची अंडी फलित होण्याचं काम तर लिटरला अवघ्या वीस-तीस मायक्रोग्रॅम तांब्यानेही बिघडतं.

माणसाने हे फार आधी ओळखून वापरलं आहे. लाकडी जहाजांच्या तळाला चिकटणारे जीव आणि लाकूड पोखरणारे किडे रोखायला ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. विसाव्या शतकात जहाजांच्या रंगात ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचं संयुग आलं, आणि ते इतकं जहाल निघालं की फ्रान्सच्या आर्काशोन उपसागरातले कालवं वाढवणारे देशोधडीला लागायची वेळ आली. समुद्री गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराचे अवयव वाढू लागले. २००१ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला, २००८ मध्ये तो अमलात आला. हे सांगायचं कारण एवढंच की, तांबं आणि कथिलाची अशी संयुगं ही कणा नसलेल्या समुद्री जीवांना मारण्यासाठी निवडून काढलेली विषं आहेत.

आता यातला एक बारकावा, जो बहुतेक वेळा सुटतो. पाण्यातलं सगळं तांबं सारखं विषारी नसतं. मोकळ्या आयनाच्या रूपात असलेलं तांबं चावतं. समुद्रातलं ९९ टक्क्यांहून जास्त तांबं मात्र सेंद्रिय रेणूंना बांधलेलं असतं आणि जवळजवळ निरुपद्रवी असतं. म्हणून एखाद्याच्या जुन्या, जरा पिवळसर पाण्याच्या टाकीत १५ मायक्रोग्रॅम तांबं असूनही सगळं छान फुललेलं दिसतं, आणि दुसऱ्याच्या नव्या, स्फटिकासारख्या स्वच्छ पाण्याच्या टाकीत तेवढ्यानेच गोगलगायी पडतात. माझ्या मते ५ मायक्रोग्रॅमच्या आत झोप उडवून घेऊ नये, १० च्या वर उगम शोधायला लागावं, आणि ३० च्या पुढे गेलं तर हातातली कामं बाजूला ठेवावीत. पण आकड्यापेक्षा जनावरांकडे आधी बघावं.

मग मोजायचं कसं? त्यासाठी आयसीपी नावाची तपासणी आहे. दिवाळीच्या फटाक्यांत लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. प्रत्येक मूलद्रव्य तापवलं की आपल्याच ठरलेल्या रंगाचा प्रकाश देतं. आयसीपी यंत्रात पाण्याचा फवारा आरगॉन वायूच्या प्लाझ्मात सोडतात, जो सूर्याच्या पृष्ठभागाहूनही तप्त असतो, आणि निघालेल्या प्रकाशाच्या तरंगलांबी मोजतात. तांब्याची एक रेषा ३२४.७५४ नॅनोमीटरवर दिसते. ती रेषा किती तेजस्वी, त्यावरून तांबं किती. एका छोट्या बाटलीत तीस-चाळीस मूलद्रव्यांचा हिशेब लागतो.

अडचण खाऱ्या पाण्याची आहे. किलोला १०.८ ग्रॅम सोडियम असलेल्या पाण्यात मायक्रोग्रॅमभर तांबं शोधणं म्हणजे सभेच्या भोंग्याशेजारी उभं राहून कुणाची तरी कुजबूज ऐकणं. आपल्याकडच्या बऱ्याच पाणी-तपासणी प्रयोगशाळांत आयसीपी असतं, पण नमुना समुद्राच्या पाण्याचा आहे हे आधी सांगितलं नाही तर ते गोड्या पाण्याच्या पद्धतीने मोजतील आणि आकड्याला अर्थ राहणार नाही. मी टाकीचा नमुना परदेशातल्या, रीफ टाक्यांचंच काम करणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवला. निकाल यायला तीन आठवडे लागले. नमुना घेताना हात स्वच्छ धुवा, बाटली टाकीच्याच पाण्याने दोन-तीनदा खंगाळा, झाकणाच्या आत बोट लावू नका. बोटाला लागलेल्या कॅलामाइनमधलं जस्तही अहवालात उमटू शकतं.

मी एक शहाणपण केलं, ते म्हणजे मिठात मिसळायच्या आधीच्या गोड्या पाण्याचा नमुनाही दिला, तो मात्र गावातल्याच प्रयोगशाळेत. गोडं पाणी मोजणं सोपं आणि स्वस्त. त्याचा निकाल आधी आला आणि मी खुर्चीवरून उठून सरळ स्वयंपाकघरात गेलो.

माझ्या टाकीचं पाणी घरच्या पिण्याच्या आरओमधून यायचं. आपल्याकडे खूप जण हेच करतात, कारण यंत्र घरात असतंच आणि टीडीएस मीटर २० दाखवतं. जूनच्या मध्यात त्या आरओची वार्षिक सर्व्हिस झाली. मी घरी नव्हतो. सर्व्हिसवाल्याने जुनं कार्ट्रिज काढून त्या जागी पाण्यात तांबं सोडणारं नवं कार्ट्रिज बसवलं, तेही जादा पैसे न घेता. त्यात त्या माणसाचं वाईट मनात नव्हतं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिणं आपल्या घरोघरी चांगलं मानतात आणि यंत्र बनवणारे तेच विकतात. माणसाला अन्नातून रोज एक-दोन मिलीग्रॅम तांबं लागतंच. माझ्या आरओच्या पाण्यात लिटरला १८० मायक्रोग्रॅम निघालं. दोन लिटर प्यायलो तर ०.३६ मिलीग्रॅम, काहीच बिघडत नाही. पण त्याच पाण्यात मीठ मिसळून मी पाव-पाव टाकी बदलत होतो. माझा उपचारच विष होता.

इथे दोन गोष्टी नीट समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली, आरओचा पडदा तांबं चांगलं अडवतो, पण हे कार्ट्रिज पडद्याच्या पुढे, नळाच्या तोंडाशी बसतं; पडद्याने साफ केल्यावर ते पुन्हा घालतं. दुसरी, टीडीएस मीटर हे पकडू शकत नाही. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज लिटरला मिलीग्रॅममध्ये सांगतं. २० मिलीग्रॅमच्या आकड्यात ०.१८ ची भर त्याला दिसणारच नाही. २० चे २० च राहिले आणि मी निर्धास्त राहिलो.

नळाच्या पाण्याचे निकषही लक्षात घ्या. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलीग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसेल तर १.५ मिलीग्रॅमपर्यंत चालतं असं म्हणतं. जस्त तर १५ मिलीग्रॅमपर्यंत. माणसासाठी पूर्ण सुरक्षित असलेलं पाणी टाकीतल्या गोगलगायीसाठी मरण असू शकतं. म्हणून टाकीचं पाणी पिण्याच्या पाण्यापासून वेगळं हवं: आरओच्या पडद्यानंतर लगेच काढलेलं, आणि त्यापुढे डीआय (आयन काढून घेणाऱ्या) राळेच्या नळीतून गेलेलं. ही राळ उरलेसुरले धातूंचे आयन धरून ठेवते. टीडीएस शून्यावरून १ वर आलं की राळ बदलायची, ३ होईपर्यंत थांबायचं नाही.

तीन आठवड्यांनी टाकीचा अहवाल आला. तांबं ३८ मायक्रोग्रॅम. जस्त, निकेल, कथिल, अ‍ॅल्युमिनियम जागेवर. इथे मला एक गोष्ट शिकायला मिळाली, ती कुठल्याही टाकीवाल्याला उपयोगी पडेल. धातू सहसा एकटे येत नाहीत, आणि कोण कुणाबरोबर आलंय यावरून घर ओळखता येतं. तांबं आणि जस्त जोडीने वाढले असतील तर पितळ: एखादी तोटी, बूस्टर पंपाचा जोड, बॉल व्हॉल्व्ह. लोह, क्रोमियम आणि निकेल एकत्र असतील तर स्टेनलेस स्टील. स्टेनलेस म्हणजे न गंजणारं, हे समुद्राच्या पाण्यात खरं नाही, क्लॅम्पचा एक स्क्रू पुरतो. लोह आणि निकेल असेल, तर चुंबक. काच घासायच्या ब्रशात, प्रवाळ ठेवायच्या रॅकमध्ये, लाटा करणाऱ्या पंपाच्या फिरकीत निओडिमियमची चुंबकं असतात. त्यांच्यावर निकेलचा मुलामा आणि वर प्लास्टिक किंवा इपॉक्सी असतं. त्याला केसाएवढी चीर पडली की आत पाणी जातं, चुंबक गंजून फुगतं आणि प्लास्टिक फाडतं. फक्त अ‍ॅल्युमिनियम वाढलं असेल तर फॉस्फेट शोषणारा अ‍ॅल्युमिनियमचा माल किंवा सिरॅमिकचे ठोकळे. तेव्हा लेदर कोरल (कातड्यासारखे मऊ प्रवाळ) आधी मिटतात. फक्त कथिल असेल तर प्लास्टिक, कारण काही पीव्हीसीत ते टिकावं म्हणून कथिलाची सेंद्रिय संयुगं घालतात. शिसं दिसलं तर जुनी पाइपलाइन आठवा. आपल्याकडे पीव्हीसी पाइपांत शिशाची संयुगं सर्रास वापरत, त्याबद्दलचे केंद्राचे नियम २०२१ चे आहेत.

माझ्याकडे तांबं एकटं होतं. पितळेचा नळ निर्दोष ठरला आणि कार्ट्रिजवरचा संशय पक्का झाला. तरीही मी प्रत्येक पंप उघडला, प्रत्येक चुंबक अंगठ्याने दाबून पाहिलं आणि दिव्याच्या पट्टीखालचा गंजका स्क्रू काढून टाकला. एक उगम सापडला म्हणून शोध थांबवू नये.

पण त्या ३८ च्या आकड्यात एक कोडं होतं. कार्ट्रिज बसल्यानंतर मी तीनदा १५ टक्के आणि दोनदा २५ टक्के पाणी बदललं होतं, दर वेळी १८० मायक्रोग्रॅमच्या पाण्याने. हिशेब मांडला तर टाकीत ११८ च्या आसपास तांबं हवं. बाकीचं कुठे गेलं?

खडकांत. टाकीचे खडक आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटच्या, आणि तांब्याला कार्बोनेट आवडतं. तांब्याच्या भांड्यावर चढणारा हिरवा जंगालही त्याच जातीचा. खडकांच्या छिद्रांत जमलेला सेंद्रिय गाळ तर त्याहून जास्त तांबं धरतो. ऐकायला बरं वाटतं, पण ही उधारी आहे. पाणी स्वच्छ केलं की खडक घेतलेलं थोडं थोडं परत सोडतात. रात्री पीएच उतरला, की जरा जास्त. धातू अमोनियासारखा नसतो. अमोनिया जिवाणू खातात, त्याचं नायट्रेट होतं. तांब्याचं काहीच होत नाही. ते कुजत नाही, जळत नाही, उडून जात नाही. ते एकतर टाकीत आहे किंवा टाकीबाहेर काढलेलं आहे.

म्हणूनच बाटलीबंद उपायांबद्दल मला स्पष्ट बोलावंसं वाटतं. 'जड धातू काढून टाकतं' असं लिहिलेली पाणी-शुद्धीकरणाची द्रावणं मिळतात. त्यातली बरीचशी फारतर धातूला बांधतात. बांधलेला धातू कमी चावतो हे खरं, पण तो पाण्यातच असतो. क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट तर धातूसाठी नाहीच. आणि उगम तसाच चालू असताना कितीही भारी काही घातलं तरी उपयोग नाही. गळका नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे.

आधी कार्ट्रिज काढलं आणि पडद्यानंतर वेगळी नळी घेऊन डीआय बसवला. त्या पाण्याचा नमुना पुन्हा तपासून घेतला आणि मगच पाणी बदलायला सुरुवात केली. ३० टक्के, दर चार दिवसांनी, तीनदा. नवं पाणी आदल्या दिवशी मिसळून, तापमान आणि क्षारता जुळवून. पाणी बदलण्याचं गणित जरा फसवं असतं. ३० टक्के तीनदा म्हणजे ९० टक्के तांबं गेलं असं वाटतं, पण दर वेळी उरलेल्याच्या ७० टक्के शिल्लक राहतं. ०.७ चा घन ०.३४३. म्हणजे एक तृतीयांश अजून आत. लहान लहान बदल केले तर आणखी जास्त शिल्लक राहतं: १० टक्के दहा वेळा केलं तरी ३५ टक्के उरतं. म्हणून मोठे बदल बरे, फक्त आजारी प्रवाळांना एकदम वेगळ्या पाण्याचा धक्का बसू नये एवढं पाहायचं. तांबं शंभर मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलं असेल तर मात्र वाट बघू नये, नाजूक प्राणी स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या टबात हलवावेत.

पाण्याबरोबर तीन गोष्टी चालवल्या. संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या छोट्या टाकीत, धातू धरणाऱ्या राळेची पिशवी, जिच्यातून पाणी जोरात वाहील अशा जागी. सक्रिय कोळसा, कारण सेंद्रिय रेणूंना बांधलेलं तांबं तो त्या रेणूंसकट ओढून घेतो. स्किमरही (बुडबुड्यांच्या फेसातून सेंद्रिय घाण ओढून काढणारं यंत्र) तेच करतो, म्हणून त्याचा फेस जरा ओलसर ठेवला. आणि गाळ. हे काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि मला वाटतं सगळ्यांत दुर्लक्षित आहे. वाळूच्या वरच्या थरातला, खडकांमागचा, संपच्या कोपऱ्यातला गाळ मी नळीने ओढून काढला, दर पाणी बदलताना. तांबं तिथेच बसलेलं असतं. संपमधलं चेटो शेवाळही थोडं तांबं घेतं. ते वाढलं की कापून टाकायचं, त्याच टाकीत कुजू द्यायचं नाही.

ट्रेस एलिमेंटची, म्हणजे प्रवाळांना अगदी थोडी लागणारी मूलद्रव्यं असलेली, बाटली या काळात पूर्ण बंद ठेवली. आजारी दिसणाऱ्या प्रवाळांना काहीतरी द्यावं असं फार वाटतं. पण टाकीत काय जास्त आहे ते ठाऊक नसताना आणखी धातू घालणं धोक्याचं.

तीन बदलांनंतर हिशेबाने १३ मायक्रोग्रॅम यायला हवे होते. अहवालात १७ आले. वरचे चार खडकांची परतफेड. राळेची पिशवी तोपर्यंत फिकट पिवळ्याची निळसर झाली होती. तांबं डोळ्यांनी दिसण्याची ती एकच वेळ. तिसऱ्या आठवड्यात झोअँथिड उघडले. अ‍ॅक्रोपोरा वाचला नाही. त्याच्या शेंड्यांचे दोन जिवंत तुकडे वेळेवर कापून ठेवले होते, त्यातला एक तग धरून आहे. पुढचा अहवाल ६ चा आला, त्याच्या पुढचा ३ चा.

काच आणि सिलिकॉन धुऊन घेता येतात, पण खडक आणि वाळू यांची स्मृती लांब असते. कुणी वापरलेली टाकी स्वस्तात देत असेल तर तिच्यात कधी तांब्याचं औषध वापरलं होतं का, हे जरूर विचारा, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर काच घ्या, पण खडक घेऊ नका.

आमच्या आरओवर आता दोन तोट्या आहेत. पिण्याच्या तोटीवर आईने पुन्हा तांब्याचं कार्ट्रिज बसवून घेतलं आहे, तिला त्या पाण्याची चव आवडते. दुसरीवर मी लाल चिकटपट्टी लावली आहे आणि सर्व्हिसच्या दिवशी घरी थांबतो. गोगलगायी सहा नव्या आणल्या, सहाही काचेवर आहेत. राळेची पिशवी अजून संपमध्ये आहे. मागच्या महिन्यात बदलली तेव्हा कडेला अजून निळी झाक होती, म्हणून क्लीनर श्रिंप अजून आणलेली नाही.